बुधवारी फाटक बंद होतं

१० फेब्रुवारी

छोटू,

तुझं पत्र मिळालं. वर्षभरानं आलं, म्हणून पाकीट फोडताना वाटलं की कुणीतरी गेल्याची बातमी असणार. सगळे धडधाकट आहेत हे वाचून बरं वाटलं, आणि मग तू जे विचारलं आहेस ते वाचून हसू आलं. ‘फाटक रोज उघडतेस ना?’ अरे, जेवतेस ना, झोपतेस ना, असं तरी विचारायचं होतंस. भावानं बहिणीला विचारायच्या त्या गोष्टी.

फोन का करत नाहीस, असं लिहिलं आहेस. फोनवर आपलं काय होतं ते तुला ठाऊक आहे. आधी तुझा आवाज चढतो, मग माझा, आणि शेवटी कुणी आधी ठेवला यावर पुढचं भांडण. पत्रात निदान मधे बोलता येत नाही.

तर साहेब, फाटक रोज उघडतं. पालिकेच्या मालमत्ता विभागात खुर्ची मिळाल्यावर अट विसरला असशील तर पुन्हा सांगते, कारण बाबांनी ती आपल्याकडून पाढ्यांसारखी घोकून घेतली होती. ही टेकडी साबणाच्या कारखानदारानं पालिकेला दिली ती एकाच अटीवर. वर्षाचे सगळे दिवस फाटक सकाळी उघडायचं आणि आल्यागेल्या कुणालाही अडवायचं नाही. एक दिवस जरी दिवसभर बंद राहिलं, तर टेकडी परत त्याच्या घराण्याकडे. साबणवाल्याचा पालिकेवर काडीचा विश्वास नव्हता. माणूस हुशार असणार.

बाबा गेले त्या पहाटे मी त्यांच्या उशाशी बसले होते. उजाडल्यावर उठले, फाटक उघडून आले आणि मग रडायला बसले. तू दुपारच्या गाडीनं आलास तेव्हा आत माणसं फिरत होती, ते तुला आवडलं नव्हतं.

बाकी इथलं म्हणशील तर वरच्या बाकांच्या फळ्या निखळल्यात, हिरवा रंग मागून मागून थकले, आणि चौकीच्या मागच्या खोलीत ओल तशीच आहे. हल्ली साबणवाल्याचा नातू मोटारीतून येतो. आत येत नाही. फाटकापाशी उभा राहून वरपर्यंत बघत राहतो. तुमच्या ऑफिसात काही शिजतंय का? शिजत असेल तर आधी मला सांग.

ताई


१९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून तुझी वहिनी आणि मी दोघंही हसलो, आणि मग मला जरा लाजही वाटली. तुझं बरोबर आहे. विचारायच्या गोष्टी मी विचारल्याच नाहीत. ऑफिसात बसून बसून माणूस घरी पत्रसुद्धा ऑफिससारखी लिहायला लागतो.

नातवाचं मनावर घेऊ नकोस. श्रीमंत माणसं आजोबांची जमीन बघायला येतात, तेवढीच त्यांची सहल. इथे काहीही शिजत नाही.

खरं सांगायचं तर मी दुसऱ्याच कारणासाठी लिहितोय. आम्ही हे घर घेतलं आणि तू अजून एकदाही आली नाहीस. दर वेळी फाटक. या वेळी मी तुझं काही ऐकणार नाही. चार दिवस ये. काही कारण नाही, कुणाचं काही नाही, नुसती ये. चिमणी रोज विचारते, आत्या कशी दिसते. तिला तू फक्त फोटोत माहीत आहेस.

फाटकाची चिंता माझ्यावर सोड. पालिकेच्या बागखात्याच्या डेपोतून बदली माणूस मिळवून देणं माझ्या हातात आहे. रजेचा अर्ज वगैरे लिहीत बसू नकोस, तो फिरत फिरत माझ्याच टेबलावर येतो. मी बोलून ठेवतो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात रविवारी, फाटक लावून झाल्यावर, मी स्वतः गाडी घेऊन येतो.

आई गेल्यावर तू मला वाढवलंस आणि तुझ्या वाट्याला काय आलं, हे मला कळत नाही असं समजू नकोस.

तुझा
छोटू


२४ फेब्रुवारी

छोटू,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, भलत्याच कुणाचं पत्र माझ्या पाकिटात आलं. कारण नाही, नुसती ये, हे मला आजवर कुणी म्हटलेलं नाही. लोक मला बोलावतात ते काहीतरी अडलं म्हणून. त्या एका वाक्यासाठी येते.

बदली माणसाला नीट सांग. फाटकाची डावी झडप उचलून ढकलावी लागते, नाहीतर खाली घासते आणि मग लोक म्हणतात बाई झोपल्या होत्या. उघडायची वेळ सकाळचा भोंगा व्हायच्या आधी, कारण रात्रपाळी संपवून एक नर्स येते. बूट काढून बाकावर बसते आणि कुणाशी बोलत नाही. तिच्या घरी काय आहे मला माहीत नाही, पण तेवढा वेळ तिला लागतो. दुसरे छडीवाले मास्तर. त्यांना फाटकापासून पहिल्या वळणापर्यंत हात द्यायचा, पण विचारायचं नाही. विचारलं की त्यांना राग येतो.

दोन दिवस, सोमवार आणि मंगळवार. बुधवारी भल्या सकाळी मला परत सोड म्हणजे मीच उघडेन. जास्त राहिले तर वहिनीला जड होईन. तिला सांग, माझ्यासाठी वेगळं काही करू नको. मला अंगण झाडायला दिलं तरी चालेल, पण तुमच्याकडे अंगण कुठलं.

चिमणीला कुठला रंग आवडतो ते कळव. लोकर आणून ठेवली आहे.

ताई


८ मार्च, बुधवार, संध्याकाळ

छोटू,

तू गाडी वळवून गेलास आणि मी दिवा लावून लगेच लिहायला बसले. चहासुद्धा ठेवला नाही. तू दिलेल्या किल्ल्या समोर आहेत. साखळी व्यवस्थित लावलेली आहे, बदली माणूस बरा दिसतो.

तुझं घर छान आहे. लिफ्टची मला भीती वाटते हे तुला कळू नये म्हणून मी बडबड करत होते. मला ती मागची खोली आवडली. कोरडी आहे. भिंतीला हात लावून बघितला, वहिनीनं पाहिलं आणि मला ओशाळल्यासारखं झालं.

आज सकाळी मी तयार होऊन बसले होते, तर चपलाच सापडेनात. चिमणीनं लपवल्या होत्या. ‘आत्या, आजच्या दिवस राहा’ म्हणाली, आणि तू म्हणालास, राहा गं. मी म्हटलं फाटकाचं काय, तर तू गॅलरीत जाऊन फोन केलास आणि आत येऊन म्हणालास, ‘झालं. माणूस आजही येतोय. आता गप बस.’ मग आपण तळ्यावर गेलो, होडीत बसलो. तुला आठवतं का, लहानपणी तुला कडेवर घेऊन मी याच तळ्याच्या काठानं फिरवायची? आज तू मला होडीत चढताना हात दिलास.

मी फार बोलत नाही म्हणून लिहिते. गेल्या कित्येक वर्षांत मी एवढी सुखात नव्हते. मला वाटायचं की तू मला विसरलास, तुला माझी लाज वाटते, चौकीत राहणारी बहीण आहे हे ऑफिसात सांगत नसशील. हे सगळं मी मनात धरून बसले होते. ते चुकीचं होतं. मला माफ कर.

ताई


९ मार्च

छोटू,

काल फाटक बंद होतं.

आज उघडायला गेले तर मास्तर बाहेर छडी टेकून उभे होते. म्हणाले, काल दिवसभर साखळी होती. नर्स सकाळी आली, गज हलवून बघितले, मग बाहेर दगडावर बसून राहिली आणि निघून गेली. बाबागाड्या घेऊन येणाऱ्या बायका तशाच माघारी वळल्या. मास्तर दुपारी पुन्हा येऊन बघून गेले.

मी त्यांना म्हटलं असं होणारच नाही, माझ्या भावानं माझ्यासमोर फोन केला होता.

डेपोत कुणीतरी गाढवपणा केला आहे. तू ताबडतोब लक्ष घाल. साबणवाल्याच्या नातवाला कळलं तर टेकडी गेली. घाईत लिहिते आहे, अक्षर लागत नसेल तर सांभाळून घे.

ताई


१५ मार्च

प्रिय ताई,

आधी शांत हो. झाल्या गोष्टीत तुझी चूक नाही आणि माझीही नाही. मी फोन केला होता, तू ऐकलंस. डेपोतल्या माणसानं घेतला, दुसऱ्या कामात विसरला. गरीब आहे, घरी खाणारी तोंडं आहेत.

नातवाला कळलं आहे. त्याच्या वकिलाची नोटीस आली. मे महिन्यात सुनावणी होईल आणि तुला बोलावतील, कारण फाटक तुझ्या ताब्यात होतं. टेकडी परत जावी म्हणूनच कुणी मुद्दाम बंद ठेवलं असं निघालं तर अट लागू होत नाही, पण मग ऑफिसात खोदकाम सुरू होईल आणि त्यात पहिला बळी त्या डेपोतल्या माणसाचा जाईल. म्हणून सगळ्यांचं असं मत पडलं की साधं आणि खरं तेच सांगावं. तू बुधवारी परतणार होतीस, भाचीच्या हट्टापायी राहिलीस आणि कळवायचं तुझ्याकडून राहून गेलं. यात खोटं काय आहे? तू राहिलीसच ना?

टेकडी गेली तर जाईल, ताई. कुणी ती उचलून नेणार नाही. तुझ्या निवृत्तिवेतनाचं मी बघेन आणि मागची खोली तुझी. वहिनीनं तिथे पडदे लावले आहेत.

तुझा
छोटू


२१ मार्च

छोटू,

तुझं पत्र आल्यावर मी मनाशी म्हटलं, भाऊ म्हणतो ते खरं असेल. त्या माणसाची कणव येऊन मी हो लिहिणारही होते. मग वाटलं, आधी त्याला भेटून यावं, तुझ्यावरचं बालंट मी घेते, रडू नको असं सांगावं. म्हणून डेपोत गेले.

तो रडत नव्हता. खत उतरवत होता. म्हणाला, ‘ताई, साहेबांचा फोन मंगळवारी आला. बुधवारी येऊ नका, बहीण येतेय म्हणाले. बुधवारी फोन आलाच नाही.’ फोन त्याच्याच टेबलावर असतो आणि तो दिवसभर तिथून हलला नव्हता. मग तू गॅलरीत कुणाशी बोलत होतास?

परत येताना मास्तर भेटले. मला त्यांना विचारायचं नव्हतं, पण विचारलं. ते म्हणाले, बुधवारी ते अंधुक उजेडात आले तेव्हा फाटकासमोर दोन माणसं आधीच बसलेली होती. घडीच्या खुर्च्या, चहाचा थर्मास, कॅमेरा. त्या दिवसाचं वर्तमानपत्र साखळीला टेकवून फोटो काढत होते. दुपारी मास्तर पुन्हा आले तेव्हाही बसलेलेच होते. अरे, रोज उघडणारं फाटक आज उघडणार नाही, हे त्यांना उघडायच्या वेळेआधी कुणी सांगितलं? मला तर माझ्या चपला मिळत नव्हत्या.

आता चपलांचंही सांग. चिमणीला ते आपसूक सुचलं की कुणी सुचवलं? नको, हे सांगू नकोस. बाकीचं सांग.

ताई


२ एप्रिल

ताई,

ठीक आहे. सांगतो.

नातवाला टेकडी परत हवी आहे आणि पालिकेलाही ती नकोच आहे. खालचा अर्धा भाग तो पालिकेला गाड्या लावायला देणार, वर इमारती बांधणार, मधे एक बाग ठेवणार. वरपासून खालपर्यंत सगळ्यांना हे मान्य आहे. अडचण एकच होती, ती म्हणजे तू. तू आजारी पडत नाहीस, रजा घेत नाहीस, बाप मेला तरी फाटक उघडतेस. बैठकीत एकानं हसत विचारलं की त्या बाईला कुणी घरी बोलवत नाही का. सगळे हसले. तेव्हा कुणाला माहीत नव्हतं की तू माझी कोण आहेस. मग मी सांगितलं.

तुला वाटेल मी विकला गेलो. मला बढती मिळणार आहे हे खरं. पण तू कधी माझ्या बाजूनं विचार केलास? त्या टेकडीनं आपल्याला काय दिलं? ओल्या भिंती आणि खोकला. शाळेत माझ्या कपड्यांना पाल्याचा वास यायचा, मुलं नाक धरायची. आई त्या मागच्या खोलीत खोकून खोकून गेली. बाबा दुसऱ्यांच्या फिरण्यासाठी जन्मभर किल्ल्या हलवत बसले. तू लग्न केलं नाहीस, कारण बाबांनंतर फाटक कोण उघडणार. आणि कुणासाठी? एका नर्ससाठी, जिचं नावसुद्धा तुला माहीत नाही. मला ते फाटक कायमचं बंद व्हायला हवं होतं. बढती नसती तरी हवं होतं.

मी तुला घरी बोलावलं, एवढंच केलं. तुला त्रास दिला का? उपाशी ठेवलं का? तू स्वतः लिहिलंस की सुखात होतीस.

आता हात जोडून सांगतो. सुनावणीत मी सांगितलं तेवढंच बोल. तू दुसरं काही बोललीस तर वरचे सगळे हात वर करतील आणि मी एकटा अडकेन. नोकरी जाईल, घराचे हप्ते थकतील, चिमणीला शाळा बदलावी लागेल. टेकडीवर नुसती झाडं आहेत, ताई. मी तुझा भाऊ आहे.

छोटू


१८ मे

मला निलंबित केलं आहे. चौकशी बसली. वरच्यांपैकी एकानंही ओळख दाखवली नाही. वहिनी चिमणीला घेऊन तिच्या आईकडे गेली.

तुझं अभिनंदन. टेकडी वाचली. वर्तमानपत्रात तुझा फोटो बघितला. तुला रक्तापेक्षा पाला जवळचा.

यापुढे पत्र पाठवू नकोस.


३० मे

छोटू,

पाठवू नकोस म्हणालास तरी पाठवते. एवढं एकच. वाचायचं की फाडायचं ते तू ठरव.

सुनावणीच्या खोलीत मी काय म्हणाले ते तू वर्तमानपत्रात वाचलं असशील, पण त्यांनी ते मोठं करून छापलं आहे. मी फार काही बोलले नाही. सुनावणी घेणाऱ्या बाईंनी विचारलं, बुधवारी तुम्हाला थांबायला कुणी सांगितलं? तू खिडकीजवळ बसला होतास आणि माझ्याकडे बघत नव्हतास. मी म्हणाले, ‘माझ्या भावानं. आणि माणूस येतोय, असंही त्यानंच सांगितलं.’ पुढचं सगळं त्यांनी मास्तरांना आणि डेपोतल्या माणसाला विचारून काढलं. खोलीबाहेर लोकांनी माझ्याभोवती गर्दी केली, कुणी फुलं दिली. मला ती घेववेनात. तुझ्यामागे पायऱ्यांपर्यंत आले, पण तू गाडीत बसला होतास.

तू लिहिलंस ते बरंचसं खरं आहे. ओल खरी, खोकला खरा, आईचं खरं. माझं लग्न झालं नाही त्यालाही फाटक हे कारण होतंच, नाही म्हणून काय करू. शाळेत तुझ्या कपड्यांना वास यायचा हे मला माहीत नव्हतं. सांगितलं असतंस तर कपडे रोज उन्हात घातले असते.

लोक मला म्हणतात, बाई, तुम्ही टेकडीसाठी सख्ख्या भावालाही सोडलं नाहीत. त्यांना वाटतं मी मोठी तत्त्वाची बाई आहे. मी हो हो करते. खरं तुला सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

तू एखाद्या संध्याकाळी इथे यायला हवं होतंस. इथे, या चौकीत, या खाटेवर बसून म्हणायला हवं होतंस, ‘ताई, मी अडकलोय. एक दिवस फाटक बंद ठेव.’ मी तुला शिव्या घातल्या असत्या. बाबांचं नाव काढून रडले असते. तुला हाकलूनही दिलं असतं. आणि दुसऱ्या सकाळी, छोटू, मी झोपून राहिले असते. नर्स येऊन गज हलवत बसली असती, मास्तर दारावर छडी आपटत राहिले असते, आणि मी पांघरूण डोक्यावर घेऊन पडून राहिले असते. मग सुनावणीत सांगितलं असतं की बाईला जाग आली नाही. लोक माझ्या तोंडावर थुंकले असते, तेही चाललं असतं. तुझी बढती झाली असती, टेकडी गेली असती, आणि मी कुणाला ताकास तूर लागू दिली नसती.

तू मागितलं नाहीस. मागायला इथवर चढून यावं लागलं असतं. त्यापेक्षा मला घरी बोलावणं तुला सोपं वाटलं.

ताई